धमकीने अणुबॉम्ब रोखता येतो का?

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात इराणच्या अणुकार्यक्रमावरून दोन तट पडले. वाटाघाटींमुळे अशा देशाला केवळ वेळ मिळतो, म्हणून हल्ल्याची धमकी आणि प्रसंगी हल्ला हाच खरा उपाय, असे अनेकांचे मत होते. आपणांस काय वाटते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची शंका निराधार नाही. उत्तर कोरियाने अमेरिकेशी झालेल्या १९९४च्या करारानुसार योंगब्योनची अणुभट्टी आठ वर्षे बंद ठेवली, परंतु त्याच काळात भट्टीतून मिळणाऱ्या प्लुटोनियमऐवजी युरेनियमपासून बॉम्ब बनवण्याचा दुसरा मार्ग गुपचूप धरला आणि २००६मध्ये अणुचाचणी केली. तरीही माझे मत वाटाघाटींच्या बाजूचे आहे आणि त्याचे मुख्य कारण अणुकेंद्रांची तपासणी करणारे आंतरराष्ट्रीय निरीक्षक हे आहे.

इस्रायलने ७ जून १९८१ रोजी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी बॉम्बफेक करून उद्ध्वस्त केली. या कारवाईचा दाखला आजही यशस्वी म्हणून दिला जातो. मात्र तिच्यानंतर सद्दाम हुसेन यांनी कार्यक्रम सोडला नाही, उलट अधिक पैसा आणि माणसे लावून तो भूमिगत केला. त्याची खरी व्याप्ती १९९१च्या आखाती युद्धानंतर निरीक्षक इराकमध्ये पोहोचले तेव्हाच जगाला कळली. उघड्यावरची भट्टी गेली आणि तिच्या जागी कोणालाच न दिसणारा उद्योग उभा राहिला, हे मला त्या हल्ल्याचे सर्वांत गंभीर फलित वाटते.

इराणच्या बाबतीत दोन्ही मार्ग एकाच दशकात वापरून झाले. अमेरिकेसह प्रमुख देशांशी झालेल्या २०१५च्या करारानुसार युरेनियमचे समृद्धीकरण (त्यातील विखंडनक्षम घटकाचे प्रमाण वाढवणे) ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोंवर रोखला गेला, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक या मर्यादा पाळल्या जात असल्याचे वारंवार नोंदवत होते. मे २०१८मध्ये अमेरिका स्वतःहून करारातून बाहेर पडली आणि निर्बंध पुन्हा लादले गेले. एप्रिल २०२१मध्ये इराणमधील नतान्झच्या समृद्धीकरण केंद्रात घातपात झाला, तेव्हा इराणने काही दिवसांतच ६० टक्के समृद्धीकरण सुरू केले. अण्वस्त्रासाठी साधारण ९० टक्के लागते आणि ६०पासून तिथवरचे अंतर तांत्रिकदृष्ट्या फारच थोडे आहे. जून २०२५मध्ये इस्रायल आणि अमेरिका यांनी हल्ले केले तोवर ६० टक्क्यांचा साठा सुमारे ४४० किलो झाला होता. हल्ल्यांनी यंत्रसामग्रीची मोठी हानी केली, हे मान्यच आहे. पण त्यानंतर इराणने संस्थेशी सहकार्य स्थगित केले आणि तो साठा नेमका कोठे आहे, हे पडताळून पाहण्याची सोय संपली.

धमकीला अजिबात स्थान नाही, असे मी म्हणणार नाही. मात्र ‘हे थांबवले तर आम्ही तुम्हांला सुरक्षित राहू देऊ’ हे आश्वासन तिच्या जोडीला हवे, आणि ते विश्वासार्ह हवे. लिबियाच्या गद्दाफींनी २००३मध्ये अण्वस्त्र कार्यक्रम सोडला. २०११मध्ये नाटोच्या हवाई हल्ल्यांच्या साहाय्याने बंडखोरांनी त्यांची सत्ता उलथवली. उत्तर कोरियाने हे उदाहरण नंतर जाहीरपणे पुढे केले आहे. आपल्या संघात हा विषय पुन्हा निघाल्यास, हल्ल्याने किती वर्षे मिळाली यासोबतच हल्ल्यानंतर तेथे निरीक्षक उरले का, हाही प्रश्न अवश्य विचारावा.