फोन रात्रभर झोपतो का, ते आधी बघा. अ‍ॅप्स स्वाइप करत बसू नका

तुम्ही विचारलंय की झोपताना ९० टक्के असलेली बॅटरी सकाळी ७५ वर येते, बॅकग्राउंडची अ‍ॅप्स एवढी बॅटरी खातात का आणि ती दर वेळी स्वाइप करून बंद करावीत का.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण याच गोष्टीवर मी वर्षानुवर्षं लोकांशी वाद घालतोय. बंद करू नका. रीसेंट्समध्ये (अलीकडे वापरलेल्या अ‍ॅप्सच्या स्क्रीनवर) दिसणारी यादी ही चालू असलेल्या अ‍ॅप्सची नसते, वापरलेल्या अ‍ॅप्सची असते. अँड्रॉइड फोन रीस्टार्ट केला तरी ती यादी दिसते, यावरूनच ते लक्षात यायला हवं. त्यातली बरीचशी अ‍ॅप्स मेमरीत नुसती पडून असतात आणि पडून असलेलं अ‍ॅप सीपीयू वापरत नाही. मेमरी मोकळी केल्याने वीजही वाचत नाही, कारण रॅम भरलेली असो वा रिकामी, ती सगळीच सतत रिफ्रेश होत राहते. उलट काढून टाकलेलं अ‍ॅप पुन्हा उघडलं की सगळं नव्याने वाचायचं, नव्याने लोड करायचं, त्यात जास्त बॅटरी जाते. २०१६ मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलच्या टिम कुक यांना ईमेल करून विचारलं होतं, तुम्ही अ‍ॅप्स वारंवार बंद करता का आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का. उत्तर अ‍ॅपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडरिगी यांनी दिलं, दोन्हींना 'नाही'. तरीही हा सल्ला आजही दिला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुमच्या १५ टक्क्यांचं बघू. बॅटरी ५००० एमएएचची (मिलीअँपिअर-तास, बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) धरली तर १५ टक्के म्हणजे ७५० एमएएच. ८ तासांत ती गेली, म्हणजे सरासरी ९४ मिलीअँपिअर. रेंज चांगली असेल आणि फोन नीट झोपत असेल तर रात्रीत साधारण २ ते ५ टक्के जातात. म्हणजे तुमच्या फोनला कोणीतरी झोपू देत नाहीये.

झोपू न देण्याचे प्रकार दोन. एकात अ‍ॅप वेकलॉक धरून ठेवतं, म्हणजे स्क्रीन बंद असली तरी सीपीयूला जागं ठेवतं आणि काम संपलं तरी सोडत नाही. दुसऱ्यात अ‍ॅप थोडंसंच काम करतं, पण सारखं उठून करतं. हा दुसरा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही. मोबाईल डेटावर एक किलोबाइट पाठवला तरी त्यानंतर रेडिओ, म्हणजे फोनचा नेटवर्कशी बोलणारा भाग, लगेच झोपत नाही, आणखी डेटा येईल म्हणून काही सेकंद जागा राहतो. ४जीवर हे साधारण १० सेकंद धरा. एखादं अ‍ॅप दर मिनिटाला सर्व्हरला विचारत असेल तर ८ तासांत ४८० वेळा, म्हणजे ८० मिनिटं रेडिओ विनाकारण जागा. तेच काम दर १५ मिनिटांनी केलं तर ३२ वेळा, जेमतेम साडेपाच मिनिटं. डेटा दोन्हीकडे किरकोळच, त्यामुळे डेटा वापराच्या यादीत हे अ‍ॅप कुठेतरी तळाशी असतं.

नेहमी सापडणारं उदाहरण मेल खात्याचं. खात्याचा पासवर्ड कॉम्प्युटरवर बदलला, फोनवर जुनाच राहिला. सिंक सुरू होतो, सर्व्हर नाकारतो, अ‍ॅप थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतं. नीट लिहिलेलं अ‍ॅप प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा वेळ वाढवत नेतं. वाईट लिहिलेलं रात्रभर ठोठावत राहतं. फोटो बॅकअपचंही असंच होतं: एक मोठा व्हिडिओ अर्ध्यावर अडकतो, वाय-फाय तुटतं आणि अपलोड पुन्हा शून्यापासून. रीसेंट्समधून ते मेल अ‍ॅप शंभर वेळा काढलं तरी उपयोग नाही. सिंकचं वेळापत्रक सिस्टिमकडे असतं, ती त्याला पुन्हा उठवते. खात्यात जाऊन नवा पासवर्ड टाका किंवा खातं काढून पुन्हा जोडा, तिथेच प्रश्न संपतो.

तुमच्या फोनमधलं कारण शोधायला दोन रात्री द्या. पहिल्या रात्री चार्जर काढून, फोन टेबलावर स्थिर ठेवून, एअरप्लेन मोड लावा आणि झोपताना व उठल्यावर टक्के लिहून ठेवा. दुसऱ्या रात्री सगळं तसंच, फक्त एअरप्लेन मोड काढून. पहिल्या रात्री २ आणि दुसऱ्या रात्री १५ गेले तर कारण नेटवर्कमध्ये आहे: सिंक, पोलिंग (सर्व्हरला सारखं विचारत राहणं) किंवा कमजोर रेंज. एअरप्लेन मोडमध्येही १२-१४ जात असतील तर वेकलॉक, सेन्सर किंवा बॅटरीच थकलेली. दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी फोन वापरायच्या आधी सेटिंग्जमधला बॅटरी वापर उघडा आणि बॅकग्राउंडचा वेळ बघा. स्क्रीनवर ३ मिनिटं आणि बॅकग्राउंडला ५ तास असं ज्याचं दिसेल, त्याच्यापासून सुरुवात करा.

सगळ्यात वर गूगल प्ले सर्व्हिसेस दिसलं तर ते फोर्स स्टॉप करू नका. लोकेशन, सिंक आणि पुश नोटिफिकेशन ही कामं ते इतर अ‍ॅप्ससाठी करतं, त्यामुळे वापर त्याच्या नावावर चढतो. खरा मागणारा सेटिंग्जमधल्या लोकेशनमध्ये, अलीकडे कोणी लोकेशन घेतलं त्या यादीत सापडतो. त्याची परवानगी 'नेहमी' वरून 'फक्त अ‍ॅप वापरताना' वर आणा.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनला झोपवणारी डोझ नावाची सोय आहे. फोन स्थिर, स्क्रीन बंद, चार्जर काढलेला असेल तर सिस्टिम अ‍ॅप्सचं नेटवर्क, अलार्म आणि सिंक अडवून ठेवते आणि ठरावीक वेळांना थोडा वेळ एकदमच होऊ देते. पण अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडलं असेल तर त्याला डोझमध्येही नेटवर्क आणि वेकलॉक मिळतो. अ‍ॅपने विचारलं आणि आपण न वाचता 'परवानगी द्या' दाबलं, असं फार होतं. ती यादी तपासा, गरज नसलेली अ‍ॅप्स 'ऑप्टिमाइझ्ड' वर आणा आणि हट्टी अ‍ॅपला 'रिस्ट्रिक्टेड' करा. आयफोनवर हेच काम बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेशची यादी करते.

बॅटरी वाचवतो म्हणणारी टास्क किलर अ‍ॅप्स मात्र आजच काढून टाका. ती स्वतः कायम बॅकग्राउंडला बसतात, दुसऱ्याला मारतात, ते पुन्हा उठतं, पुन्हा मारतात. या उठबशीतच बॅटरी जाते, वर मेसेज उशिरा येतात ते वेगळंच.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. नेव्हिगेशन, कॉल किंवा स्क्रीन शेअरिंग चालू राहिलं असेल तर ते जरूर बंद करा, ती अ‍ॅप्स पडून नसतात, काम करत असतात. एखादं अ‍ॅप अडकून फोन गरम होत असेल तर त्या एका अ‍ॅपला फोर्स स्टॉप करणं योग्यच. अलार्म, मेसेजिंग आणि ग्लुकोज सेन्सरसारख्या वैद्यकीय उपकरणांची अ‍ॅप्स कधीही 'रिस्ट्रिक्टेड' करू नका, सूचना वेळेवर येणार नाही. आणि टक्केवारी बॅटरीच्या आजच्या क्षमतेची असते. अ‍ॅपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेल्सची बॅटरी ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के धरून असते, आयफोन १५ ची १००० नंतर. तुमची ५००० ची बॅटरी आज ४००० ची झाली असेल तर तुमचे १५ टक्के म्हणजे ७५० नव्हे, ६०० एमएएच.