"पोरगा खोटं बोलतोय का गं?"

इंग्लंडमध्ये फॉस्टरिंग करणाऱ्या, म्हणजे दुसऱ्यांची मुलं घरी सांभाळणाऱ्या, आपल्या एक मराठी काकू मार्च 2025 मध्ये माझ्याकडे आल्या (तपशील थोडे बदललेत). घरी अफगाणिस्तानातल्या हेरातकडचा एकटा आलेला पोरगा आणि कौन्सिलने (तिथल्या स्थानिक प्रशासनाने) त्याचं एज असेसमेंट, म्हणजे तो खरंच अठराच्या आतला आहे का याची तपासणी, लावलेलं. "डोव्हर बंदरावर उतरला तेव्हा सतरा म्हणाला, कागदावर आलं 1 जानेवारी 2007, म्हणजे अठरा झाले की! हा खोटं बोलतोय का गं?" हे मला बरेच फॉस्टर पालक विचारतात, हळू आवाजात.

मी म्हटलं, तुमच्या सासऱ्यांचा वाढदिवस कधी? हसायलाच लागल्या. 1 जून, मास्तरांनी टाकलेला! इथेही तारीख माहीत नसली की 1 जानेवारी टाकतात, तसलंच ते.

पोरगा म्हणालेला, जन्म 1386 चा हिवाळा, अफगाणी कॅलेंडरप्रमाणे. त्यांचं वर्ष नवरोजला, म्हणजे 21 मार्चच्या आसपास सुरू होतं, त्यामुळे तो हिवाळा संपतो आपल्या 2008 मध्ये, पण कुणीतरी सरळ 621 मिळवून 2007 केलं आणि एका बेरजेत पोरगा मोठा झाला. त्याची आई म्हणायची, मोठ्या बर्फात झालास तू. आणि 2008 च्या सुरुवातीला तिकडे खरंच भयंकर बर्फ पडलेला, शेकडो माणसं गेली.

काकू मात्र रोज चहाच्या वेळी त्याच्याकडून तारीख पाठ करून घेत होत्या, ते आधी बंद करायला लावलं. घोकलेलं उत्तर मुलाखतीत दुभाष्यासमोर हमखास गडबडतं, त्यापेक्षा पोराला सांगितलं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, भावाचं विचारलं आणि गळा दाटला तर ब्रेक माग. अगदी उघड केस सोडली तर नुसती मिशी नि उंची बघून वय ठरवता येत नाही, 2003 च्या मर्टन केसपासून (कोर्टाचा निकाल) हे पक्कं आहे. मुलाखतीत पोरासोबत मोठं माणूस हवं, दुभाष्या हवा, शंका आली तर ती तोंडावर सांगून त्याला उत्तर द्यायची संधी द्यायला हवी.

काकूंच्या पोराचं 2008 मान्य झालं. पण सगळ्यांचं होत नाही आणि मग मुलांच्या सोयी जातात, मोठ्यांसोबत राहावं लागतं. कोर्टात जाता येतं, 2009 पासून कोर्ट स्वतः वय ठरवू शकतं, फक्त मुदत जास्तीत जास्त तीन महिने, म्हणून निर्णयाचं पत्र आलं की फ्रीजवर लावून ठेवू नका, त्याच दिवशी सॉलिसिटरला (वकिलाला) फोन करा.