स्लॅबचे पोपडे पडताहेत, भिंतीला तिरका तडाही आहे. पुट्टी मारून रंग दिला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की जळगावचं घर, 1996 चा स्लॅब, बेडरूममध्ये पंख्याजवळ तपकिरी डाग आणि त्याच जागी पोपडे. पेंटर म्हणतो, पुट्टी मारून दोन हात दिले की झालं. नाही चालणार, भाऊ. नुसती पांढरी भुकटी असती तर तो लोणा, म्हणजे ओलीने बाहेर आलेला क्षार होता. तपकिरी डाग आणि पोपडे एकाच जागी आले की आतली सळई गंजतेय असंच धरून चाला.

धुळ्याला देवपुरातल्या एका घराचं काम केलं, तिथे हेच होतं. आधी ओल दिसली, पुट्टी लावली. पुढच्या पावसाळ्यात पुट्टी फुगली, तर खालून पीओपीचं छत बसवून घेतलं. वरून मिस्त्रीने गच्चीच्या जुन्या कोब्यावर, म्हणजे पाणी अडवायच्या सिमेंटच्या थरावर, दुसरा कोबा टाकला. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण 200 किलो होतं, आणि ते गंजलेल्या स्लॅबच्या डोक्यावर! पीओपी उतरवलं तेव्हा खालचं काँक्रीट हाताने निघत होतं. सळईवरचा गंज खारी बिस्किटासारखा पदर पदर सुटत होता आणि 8 मिलिमीटरची सळई काही ठिकाणी 6 वर आलेली. म्हणजे तिथलं जवळपास निम्मं लोखंड गेलेलं. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो खालचा 15-20 मिलिमीटरचा थर ढकलून पाडतो. पुट्टी त्याला काय थोपवणार?

तिथे केलं ते असं. हातोडीच्या दांड्याने सगळं छत ठोकून पाहिलं आणि बद्द आवाज आला तेवढ्या भागाला खडूने रेघ मारली. तेवढं सगळं फोडलं, सळईच्या मागे बोट जाईल इतकं. मागची बाजू मोकळी केली नाही तर तिथला गंज तसाच राहतो आणि दोन वर्षांत तोच तुकडा पुन्हा पडतो. मग तारेच्या ब्रशने लोखंड उजळ होईपर्यंत घासून त्यावर झिंकचा प्रायमर. 7 मिलिमीटरच्या खाली गेलेल्या सळईशेजारी नवी सळई बांधली, दोन्ही टोकांना चांगल्या लोखंडावर दीड-दीड फूट ओव्हरलॅप देऊन. नंतर एसबीआर लेटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं द्रव) आणि सिमेंट समभाग कालवून हात मारला. तो ओला असतानाच माल चढवायचा, वाळला की माल धरत नाही. मालाचं प्रमाण 1 लिटर लेटेक्स, 5 किलो सिमेंट, 15 किलो धुतलेली वाळू, पाणी अगदी बेताचं. एका वेळी 10-12 मिलिमीटरच, जाड थर स्वतःच्या वजनाने लोंबतो. काम सकाळी नऊच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावर, कारण आपल्याकडच्या मेमध्ये माल हातातच वाळतो.

पण हे सगळं पाणी बंद झाल्यावर. उन्हाळ्यातही डाग ओला राहत असेल तर पाऊस सोडा, वरची नहाणी आणि टाकीचा पाइप बघा. पावसातच ओलावत असेल तर गच्चीच्या पाइपाचं तोंड बुजवून दोन इंच पाणी 48 तास साठवा आणि खाली कुठे उतरतं ते पाहा. बहुतेक वेळा कठड्याच्या बुडाशी सापडतं. 30 फुटांचा स्लॅब तापमानाच्या 30 अंशांच्या फरकाने साधारण 3 मिलिमीटर लांबतो-आखडतो, त्यामुळे त्या सांध्यात नुसतं सिमेंट भरलं तर ते फाटणारच. तिथे लवचिक सीलंट भरा, वरून गोलसर वाटा (कोपऱ्यात सिमेंटची गोलाई) काढा, आणि गच्चीला पाइपाकडे दर आठ फुटांना एक इंच उतार आहे का तपासा.

जुन्या धाब्याच्या घरांत मृगाच्या आधी माणूस धाब्यावर चढायचाच, माती पसरायचा, पन्हळी मोकळ्या करायचा. स्लॅब आला आणि वर चढणंच बंद झालं. पाइपाच्या जाळीत अडकलेली पालापाचोळ्याची मूठ काढायला पाच मिनिटं लागत नाहीत. तेवढं न करता हजारो रुपयांचं पीओपी बसवतात, याचा मला मनापासून राग येतो. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की वर चढा.

भिंतीच्या तिरक्या तड्याचं वेगळं आहे. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख आणि तड्याची रुंदी लिहा. मेमध्ये रुंदावला आणि श्रावणात मिटला तर पायाखालची काळी माती हलतेय, तिथे पुट्टी भरून उपयोग नाही. 5 मिलिमीटरच्या वर असेल तर इंजिनिअर बोलवा.

एक राहिलंच. स्लॅब मधोमध वाकलेला दिसत असेल किंवा बीमला तडा असेल तर आतापर्यंत सांगितलेलं काहीही स्वतः करू नका, गच्चीवर पाणीही साठवू नका. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला 50 किलो. आधी टेकू, मग बाकीचं. आणि तुमचा डाग पंख्याजवळ आहे, म्हणजे हूकही गंजला असू शकतो. मेन स्विच बंद करून पंखा आजच उतरवून ठेवा, खाट दुसऱ्या भिंतीला सरकवा.