डिस्क बदलायच्या आधी पॅड काढून बघा

तुम्ही लिहिलंय, मुंबईच्या आरेतून पावसात फिरून आल्यापासून सायकलचा मागचा डिस्क ब्रेक किंचाळतोय, लिव्हर पूर्ण दाबला तरी पकड येत नाही, आणि दुकानदार म्हणतोय डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती) आणि पॅड (तिला दोन्हीकडून दाबणारे तुकडे) दोन्ही बदला. एवढंच ना? मग पाकीट जरा खिशातच राहू द्या.

डिस्क नुसती ओली असली तरी ओरडते. पण चार-पाचदा ब्रेक मारला की पाणी उडतं आणि ती गप्प बसते. तुमचा ब्रेक कोरड्या दिवशीही ओरडतोय आणि धरतही नाहीये, म्हणजे बहुतेक तेल लागलंय. रस्त्यावर सांडलेल्या ऑइलचं असू शकतं, पण माझा पहिला संशय घरच्या चेन स्प्रेवर.

हे स्वतःच्या उद्योगावरून सांगतोय. एका जुलैत चेनवर गंज दिसला म्हणून सोसायटीच्या पॅसेजमध्ये सायकल भिंतीला टेकवली आणि मस्त स्प्रे मारला. चेन उजवीकडे, डिस्क डावीकडे, मग कसलं टेन्शन? पण ती फवार स्पोकमधून आरपार जाते. दुसऱ्या दिवशी नॅशनल पार्कात कान्हेरीचा उतार उतरताना मागून मालगाडी थांबल्यासारखा आवाज, आणि वेग आहे तेवढाच. पुढच्या ब्रेकवर निभावलं. तेव्हापासून चेनला थेंबाथेंबाने तेल घालतो, जास्तीचं फडक्याने पुसतो. स्प्रे बंद.

आता काम. चाक काढा, पॅडची पिन किंवा स्क्रू काढून पॅड बाहेर घ्या. उजेडात तिरपे धरा. काचेसारखी चकाकी किंवा काळपट ओलसर डाग दिसला की समजा, पॅड तेल प्यायलाय. वरवरचं असेल तर पॉलिश पेपर सपाट लादीवर ठेवून त्यावर पॅड हलक्या हाताने घासा. आत मुरलं असेल तर नवे पॅड घ्या. गॅसवर भाजून तेल काढायचे प्रयोग मी केलेत. घरात वास राहतो आणि ब्रेक आठवड्याभरात परत ओरडायला लागतो. लाइनिंग, म्हणजे पॅडवरचा घासणारा थर, अर्धा मिलिमीटर उरलं असेल तर प्रश्नच मिटला, बदला.

डिस्क मात्र सहसा वाचते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड. लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्ड साफ करायला विकतात ते चालतं. कापडाची बाजू बदलत पुसा, काळं यायचं थांबेपर्यंत. पुसल्यावर बोट लावू नका, बोटालाही तेल असतं. शिमानोच्या बऱ्याच डिस्क नव्या असताना १.८ मिमी असतात आणि १.५ ला बाद. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते, दुकानदाराला तेवढं मोजून दाखवायला सांगा. तिथेच 'रेझिन पॅड ओन्ली', म्हणजे फक्त रेझिनचे (राळेचे) पॅड, असं लिहिलं असेल तर मेटल (धातूमिश्रित) पॅड लावू नका. नसेल, तर पावसाळ्यापुरते मेटल पॅड बरे. आवाज जरा जास्त, पण चिखलात रेझिनसारखे झरझर झिजत नाहीत.

नवे पॅड लावले की लगेच उताराला जाऊ नका. पहाटे रिकाम्या रस्त्यावर ताशी वीसेक किलोमीटरचा वेग घ्या आणि चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावत या, चाक लॉक न करता. असं पंधरा-वीस वेळा. पकड हळूहळू येते, हाताला कळतं. ही पायरी गाळणारे लोकच नंतर पॅडला शिव्या घालतात.

डिस्क एका बाजूला घासत असेल तर कॅलिपरचे (पॅड ज्यात बसतात तो भाग) दोन बोल्ट ढिले करा, लिव्हर दाबून धरा, तसंच आवळा. बहुतेकदा एवढ्यात भागतं.

तुमचा ब्रेक केबलचा की हायड्रॉलिक, ते लिहिलेलं नाही. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर दोन पथ्यं. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबायचा नाही, पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येऊन बसतात. येऊरला चाक काढून गाडीतून सायकल नेताना दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी खुपसून ठेवत जा. आणि नाक्यावरच्या गॅरेजमधलं ब्रेक ऑइल कुणालाही भरू देऊ नका. शिमानो, टेक्ट्रोला मिनरल ऑइल लागतं, गाडीचं डॉट ऑइल गेलं तर आतली सील फुगून खराब होतात. लिव्हर स्पंजसारखा मऊ लागत असेल तरच ब्लीड करा, म्हणजे ऑइलमधली हवा काढा, नुसत्या किंचाळण्यावर तो इलाज नाही.

पॅड काढलेत की दोन फोटो टाका, एक समोरून, एक कडेने. मग बघू नवे घ्यायचे का ते.