डबा रिकामाच परत येऊ दे

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून एका ताईंचं पत्र आलंय. बहिणीची मुलगी वर्षभरापूर्वी शिकायला आली, बेसमेंटमध्ये चौघींत राहते. परवा घरी आली तेव्हा तिने आमटीभात तीनदा घेतला आणि उरलेल्या पोळ्या गुपचूप पिशवीत टाकल्या. भांडी आवरताना हळूच म्हणाली, "मावशी, एकजण किराणा भरून देतो. आता तो रात्री थांब म्हणतो." ताई तिच्यावर चिडल्या. आता विचारतात, चुकलं का?

ताई, चुकलं. पण फोन करून तसं तिला सांगा, आजच सांगा. ती तुमच्यापाशी बोलली, हे फार मोठं आहे.

तिच्या चारित्र्यावर जाऊ नका, आधी तिचं पोट बघा. 2024 मध्ये कॅनडात शिकायला येणाऱ्याला राहण्याखाण्यासाठी 20,635 डॉलर दाखवणं सक्तीचं झालं. त्याआधी 10,000 पुरत. म्हणजे जुना आकडा किती तोकडा होता ते सरकारनेच मान्य केलं. भाडं चुकवता येत नाही, फी चुकवता येत नाही. काटकसर होते ती ताटातच. आणि आईचा व्हिडिओ कॉल आला की "जेवलीस का?" ला उत्तर ठरलेलं: "हो गं, जेवले."

अमेरिकेत 2016 साली अर्बन इन्स्टिट्यूट आणि फीडिंग अमेरिका या संस्थांनी दहा ठिकाणच्या किशोरवयीन मुलामुलींना गटागटाने बोलतं केलं. खाण्यासाठी, पैशासाठी शरीरसंबंध ठेवावे लागतात, हे त्यातून पुढे आलं. ज्याच्या किराण्यावर चूल पेटते त्याला "कंडोम वापर" म्हणायला जीभ रेटत नाही. "नाही" म्हणणं तर त्याहून अवघड. मुलग्यांवरही अशी वेळ येते; ते सांगत नाहीत, एवढंच.

तिच्या आईला परस्पर कळवू नका. आधी तिला विचारा. त्या माणसाकडून धमकी आली, जबरदस्ती झाली, तर पोलिसांना 911 वर फोन करा. गरजूंना फुकट किराणा देणारी फूड बँक जवळ कुठे आहे ते 211 या मदत क्रमांकावर कळतं. विद्यार्थ्यांना तिथे घेतात का, हे मात्र आधी विचारा, कारण काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना परत पाठवलं गेलंय.

संबंध आले असतील तर वेळ घालवू नका. गर्भ राहू नये म्हणूनची तातडीची गोळी पाच दिवसांपर्यंत घेता येते, पण जितकी लवकर तितकी उपयोगी. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ब्रॅम्प्टन ज्यात येतं त्या पील विभागाच्या लैंगिक आरोग्य क्लिनिकमध्ये सरकारी आरोग्य विम्याचं हेल्थ कार्ड नसलं तरी चालतं. तिच्यासोबत जा, ती म्हणाली तर बाहेरच बसा.

आणि दर शनिवारी डबा द्या. आठवडाभर पुरेल असा: पोळ्या, उसळ, थोडी चटणी. घरी आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत तिलाही ठाऊक असणार. तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा, तुझ्याकडून रिकामाच चालेल.