रंग गेलेलं पाणी गव्हाला चालेल का?

प्रश्न : वरच्या रंगाई कारखान्याचं लालसर पाणी आमच्या नाल्यात येतं. पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) कोळसा करून त्यातून ते गाळलं, तर गव्हाला देता येईल का? – एक शेतकरी, तहसील सांवेर, जिल्हा इंदूर

उत्तर : दादा, कोळसा रंग धरतो हे तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. पण खड्ड्यात पाडलेला कोळसा त्या कामाला फारसा उपयोगी नाही. पऱ्हाटी किंवा भुईमुगाची टरफलं कमी हवेत जाळून झालेल्या कोळशावर ८०० ते ९०० अंशांच्या भट्टीत वाफ सोडावी लागते. नाहीतर टरफलं आधी फॉस्फोरिक आम्लात भिजवून सुमारे ५०० अंशांवर भाजतात. मग त्यात अतिसूक्ष्म छिद्रं उघडतात. अशा चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे पृष्ठभाग असतो आणि रंग त्याला चिकटून बसतो. हे आम्ल आणि ही भट्टी खळ्यात नकोच.

मला खरी काळजी आहे ती पाणी नितळ दिसायला लागल्यानंतरची. सुती कापडाला रंग चढावा म्हणून रंगाईत मीठ भरपूर घालतात. कोळसा रंग अडवतो, मीठ अडवत नाही. ते सगळं तुमच्या वावरात येणार. आपल्या माळव्याच्या काळ्या जमिनीत मिठातला सोडियम साठला की माती फुगते, पाणी मुरत नाही, वर पापडी धरते. अशी चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, जमीन पूर्ववत व्हायला जिप्सम टाकूनही वर्षं जातात.

म्हणून नाल्याचं पाणी, आणि नाल्यालगत विहीर असेल तर तिचंही, प्रयोगशाळेत तपासून घ्या. क्षारता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) अहवालात ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर निघाली तर ते पाणी वापरूच नका. काही रंगांत क्रोमियम, तांबं असतं, तेही तपासायला सांगा. रंग धरून भरलेला कोळसा शेणखतात मिसळू नका. पाणी शुद्ध करून सोडणं ही कारखान्याची जबाबदारी आहे. पंचायतीचा ठराव आणि तपासणीचा अहवाल जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज द्या. तोवर विहिरीचं पाणी थोडं असलं तरी पेरणीनंतर २१ दिवसांच्या सुमाराचं पाणी चुकवू नका.

पऱ्हाटी जाळू नका. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथे इंदुरातच कंपोस्टची पद्धत बसवली, तेव्हा पऱ्हाटी रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेत आणि मग शेणाबरोबर खड्ड्यात रचत. तुम्ही ती ट्रॅक्टरखाली चेचा.