रेपो दर सव्वा टक्क्याने उतरला, तरी माझ्या गृहकर्जाचा हप्ता तेवढाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारी २०२१ मध्ये ३० लाखांचं गृहकर्ज, २० वर्षं, दर ६.७० टक्के, हप्ता २२,७२२. मग बँकेने हप्ता २४,५०० केला. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला तरी हप्ता २४,५००च. बँक लुटतेय का? शिवाय रेपो, सीआरआर वगैरे शब्द सोपे करून सांगा, एफडी आणि डेट फंडाचंही सांगा.

लुटत नसावी. आणि हप्ता कमी झाला नाही याबद्दल तक्रार करू नका, त्यात तुमचाच फायदा आहे. ‘दर उतरला की हप्ता उतरला पाहिजे’ हे जे सर्रास बोललं जातं ना, त्याच्याइतका महागात पडणारा गैरसमज गृहकर्जात दुसरा नाही. कर्ज विभागात काम करणारा कोणीही हे सांगेल, फक्त काउंटरवर सांगायला त्याला वेळ नसतो.

आधी शब्द उरकून घेऊ. बँका सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेला विकतात आणि ठरल्या दिवशी ठरल्या भावाने परत घेतात; त्या व्यवहारात उचललेल्या पैशाचा दर म्हणजे रेपो. लोकांना वाटतं बँक रेपोने पैसे आणते आणि त्यावर नफा चढवून आपल्याला देते. तसं नाही. तुमचे ३० लाख प्रामुख्याने ठेवीदारांच्या पैशातून आले. रेपोचं काम वेगळं: बँका आपसांत एका रात्रीपुरती विनातारण उसनवारी करतात, त्या कॉल मनीचा दर रेपोच्या आसपास राहील हे रिझर्व्ह बँक बघते. बँकेकडे पैसा उरला तर ती तो रिझर्व्ह बँकेच्या एसडीएफ या ठेव-खिडकीत ठेवते, तिथे रेपोपेक्षा पाव टक्का कमी मिळतो. अडीनडीला तिथल्याच एमएसएफ या कर्ज-खिडकीतून उचलते, तिथे पाव टक्का जास्त पडतो. रेपो ५.२५ म्हणजे खाली ५.००, वर ५.५०, आणि कॉल मनी साधारण या दोघांच्या मध्ये. जुन्या पुस्तकांतला रिव्हर्स रेपो (बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे पैसा ठेवण्याचा पूर्वीचा दर) ३.३५ वर कागदावर आहे, त्याकडे आता दुर्लक्ष करा.

सीआरआर म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकेला रोख स्वरूपात रिझर्व्ह बँकेकडे ठेवावाच लागतो तो. त्यावर व्याज शून्य. जून २०२५ मध्ये तो ४ वरून ३ टक्के करायचं जाहीर झालं आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर पाव-पाव टक्क्याने चार वेळा उतरवला. त्यातून सुमारे अडीच लाख कोटी रुपये बँकांना मोकळे झाले. एसएलआर म्हणजे ठेवींचा जो हिस्सा सुरक्षित गुंतवणुकीत ठेवावाच लागतो तो; १८ टक्के, तो मुख्यतः सरकारी रोख्यांत असतो आणि त्यावर व्याज मिळतं. म्हणजे १०० रुपयांच्या ठेवीतले ढोबळमानाने ७९ रुपयेच कर्जाला उरतात. बेसिस पॉइंट म्हणजे ०.०१ टक्का. रेपो ठरवते पतधोरण समिती, सहा जणांची, तीन रिझर्व्ह बँकेचे आणि तीन सरकारने नेमलेले. लक्ष्य महागाई ४ टक्के, दोन्हीकडे २ टक्क्यांची सूट.

आता तुमचं खातं. ऑक्टोबर २०१९ नंतरचं बँकेतलं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, गृहकर्ज म्हणजे ते बाह्य बेंचमार्कला (बँकेबाहेर ठरणाऱ्या एखाद्या दराला) जोडलेलं असणार, बहुधा रेपोलाच. तुम्ही कर्ज घेतलंत तेव्हा रेपो ४.०० होता, दर ६.७०. म्हणजे तुमचा स्प्रेड, रेपोच्या वर बँक लावते तो भाग, २.७०. हा आकडा मंजुरीपत्रात असतो आणि तो कोणीही वाचत नाही.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४.०० वरून ६.५० वर गेला. तुमचा दर झाला ९.२०. तेव्हा शिल्लक मुद्दल साधारण २८ लाख ८० हजार असेल. त्यावर महिन्याचं व्याज २२,०८०. हप्ता २२,७२२. मुद्दलात जमा किती? ६४२ रुपये! हप्ता तेवढाच ठेवला असता तर कर्ज फिटायला आणखी ४६७ महिने लागले असते, जवळजवळ ३९ वर्षं. दर अजून थोडा वर गेला असता तर व्याजही हप्त्यात मावलं नसतं आणि मुद्दल उलट वाढत गेलं असतं. याला निगेटिव्ह अमॉर्टायझेशन म्हणतात आणि ते होऊ द्यायचं नाही असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय.

म्हणून बँकेने दोन्ही केलं: हप्ता २४,५०० आणि मुदत लांबवली. २१६ हप्ते उरले होते त्यांचे ३०३ झाले. ही ८७ हप्त्यांची वाढ तुमच्या लक्षातही आली नसेल, कारण खात्यातून जाणारी रक्कम पावणेदोन हजारांनीच वाढली. मुदत मुळीच न वाढवता भागवायचं असतं तर हप्ता २७,३३० लागला असता. लोक हप्त्यावर नजर ठेवून असतात आणि घोडं पेंड खातं मुदतीत.

आता उतरणीचं बघा. रेपो ५.२५ अधिक २.७० म्हणजे ७.९५. डिसेंबर २०२५ ला मुद्दल साधारण २७ लाख ७५ हजार. दर ९.२० च राहिला असता तर आणखी २६९ हप्ते होते. ७.९५ ने, हप्ता २४,५०० च ठेवून, २१० होतात. ५९ हप्ते गळाले. रेपो कपातीचा फायदा तुम्हाला मिळालाय, तो फक्त हप्त्यात दिसत नाही.

उद्या तुम्ही अर्ज करून मुदत २६९ ठेवा आणि हप्ता कमी करा म्हणालात तर हप्ता २२,१३० होईल. महिन्याला २,३७० वाचले म्हणून आनंद. पण २६९ गुणिले २२,१३० म्हणजे साडेएकोणसाठ लाख, आणि २१० गुणिले २४,५०० म्हणजे साडेएक्कावन्न लाख. फरक ८ लाखांचा.

इथे हमखास एक पंडित येतो आणि सांगतो, ‘हप्ता कमी करून घ्या, उरलेले एसआयपीत टाका, बाजार १२ टक्के देतो.’ या मंडळींशी माझं कधीच पटलेलं नाही. नुसतं तोडीस तोड यायला करानंतर ७.९५ टक्के हवेत, सतरा-साडेसतरा वर्षं, एकही महिना न चुकवता. कर्ज लवकर फेडल्याचे ७.९५ खात्रीचे असतात, त्यावर करही लागत नाही. शिवाय हे २,३७० खरोखर एसआयपीत जातात का? बहुतेक घरांत ते किराणा आणि पेट्रोलमध्ये विरतात. आणि ‘व्याजावर करसवलत मिळते’ हा मुद्दा नव्या कररचनेत राहत्या घराला लागूच नाही. त्यामुळे तो आधी बाजूला ठेवा.

उलट शक्य असेल तर हप्ता २६,२९० च्या आसपास करा. १,७९० रुपये वाढवलेत की कर्ज मूळ तारखेलाच, म्हणजे उरलेल्या १८२ हप्त्यांत संपतं.

हे सगळं दर खरोखर ७.९५ झालाय असं धरून. ते आधी तपासा, कारण गडबड असलीच तर तिथे असते. बँकेने दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं असतं: आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते, वार्षिक दर. ॲपमध्ये सापडतं, नाहीतर शाखेत मागा. दर उणे रेपो करा. उत्तर २.७० आलं तर ठीक. जास्त आलं तर दोन शक्यता. एक, रीसेटची, म्हणजे बँकेने नवा दर लागू करायची, तारीख अजून आलेली नाही. रीसेट तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावाच लागतो, त्यामुळे कपात आणि तुमचा दर यांत तेवढं अंतर पडू शकतं. दोन, स्प्रेड वाढवलाय. त्यातला जोखमीचा भाग तुमच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला तरच बदलता येतो, बाकीचा भाग तीन वर्षांतून एकदा. कमी करायचा असेल तर मात्र ऑक्टोबर २०२५ पासून आधीही करता येतो. वाढीचं कारण लेखी मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही.

उरलेले हप्ते स्वतः काढायचे तर एक्सेलमधलं एनपर (NPER) फंक्शन वापरा: वार्षिक दर भागिले १२, मग हप्ता उणे चिन्ह लावून, मग शिल्लक मुद्दल. तुमच्या आकड्यांना २१०.२ येईल. बँकेचा आकडा एक-दोनने वेगळा आला तर भांडू नका, दहाने आला तर जरूर भांडा.

हप्ता वाढवताना नाच (NACH) मँडेटची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीची, कमाल मर्यादा बघून घ्या. मँडेट २५,००० चं आणि हप्ता २६,२९० केलात तर तो परत जाईल, दंड पडेल आणि सिबिलवर डाग लागेल तो वेगळाच. अर्धवट परतफेड करताना अर्जात लिहा: ‘रक्कम आजच्या तारखेला मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.’ हे लिहिलं नाही तर काही ठिकाणी रक्कम आगाऊ हप्ता म्हणून पडून राहते आणि तुम्हाला व्याजात एक पैसाही सुटत नाही. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, कोणी मागितला तर देऊ नका.

स्प्रेड २.७० फार वाटतो? नव्या ग्राहकांना तुमचीच बँक किती स्प्रेडने देते ते विचारा आणि तोच मागा, थोडी कन्व्हर्जन फी घेऊन बऱ्याचदा देतात. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवणं हा नंतरचा पर्याय, कारण त्यात प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, महाराष्ट्रात परत स्टँप ड्यूटी आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारदरबारी नोंद), एवढं सगळं येतं. हा खर्च दीड-दोन वर्षांत भरून निघत नसेल तर हलू नका.

एफडी: चालू एफडीचा दर मुदत संपेपर्यंत तोच, नवीन एफडी कमी दराने. ‘दर अजून पडतील’ म्हणून जुनी मोडू नका. मोडली की जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा दर मिळतो आणि त्यातूनही दंड कापतात. डेट फंड (रोख्यांत पैसे गुंतवणारे फंड): फॅक्टशीटमध्ये मॉडिफाइड ड्युरेशन, म्हणजे व्याजदर हलला की फंडाचा भाव किती हलतो त्याचं माप, बघा. ते ७ असेल आणि यील्ड (रोख्यांवरचा बाजारातला परतावा) अर्धा टक्का उतरला तर एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, साधारण साडेतीन टक्के वाढते, चढला तर तेवढीच पडते. पण रेपो उतरला म्हणून दहा वर्षांच्या रोख्याचा यील्ड उतरेलच असं नाही. जून २०२५ मध्ये अर्धा टक्का कपात झाली आणि त्यानंतर तो उलट वर सरकला. बाकी डेट फंडावर वेगळा प्रश्न टाका, इथे मावणार नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मुद्दलाचे वरचे आकडे मी रीसेटच्या नेमक्या तारखा न धरता अंदाजाने काढलेत, तुमच्या स्टेटमेंटमधले वापरा. हाताशी सहा महिन्यांचा खर्च नसेल, किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर वरचं भाषण विसरा आणि हप्ता खुशाल कमी करून घ्या. कार्डाचं व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जातं, ते आधी संपवा. कर्ज २०१९ च्या आधीचं आणि एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँक स्वतः ठरवते त्या जुन्या पद्धतीच्या दरांवर) असेल तर रेपोचा फायदा उशिरा आणि अर्धामुर्धा पोचतो. बाह्य बेंचमार्कवर बदलून मागा, वाजवी कागदपत्रांच्या खर्चाशिवाय काही लागत नाही. आणि कर्ज गृहवित्त कंपनीचं किंवा सहकारी बँकेचं असेल तर त्यांना रेपोशी जोडण्याची सक्तीच नाही. कंपनी आपला पीएलआर (मूळ दर) स्वतः ठरवते, सहकारी बँकेत बहुधा संचालक मंडळ दर ठरवतं. तिथे वजाबाकी करत बसू नका, सरळ लेखी अर्ज देऊन दर कमी करून मागा.